पोर्टलवर 'अप्रूव्ह्ड' दिसतंय, मग खात्यात पैसे का नाहीत? सेमिस्टर चालू असताना शिष्यवृत्तीचं काय होतं

प्रश्न जत तालुक्यातल्या एका भावाचा आहे. बहीण यंदा सांगलीच्या एका खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात कॅप राऊंडमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) पहिल्या वर्षाला लागली. प्रवर्ग ओबीसी, घरची कोरडवाहू शेती, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरून महिने झाले. पोर्टलवर 'अप्रूव्ह्ड' दिसतं, पण खात्यात रुपया नाही. परीक्षा तोंडावर आली आणि कॉलेज म्हणतं, उरलेली फी भरा, नाहीतर हॉल तिकीट नाही. वर रूम-मेसचा खर्च आहेच, आणि एका विषयात ती मागं पडली आहे. नापास झाली तर शिष्यवृत्ती बंद होईल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

माझी नोकरी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात झाली आणि आजही ओळखीपाळखीची मुलं फॉर्म घेऊन घरी येतात, म्हणून सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. आपल्याकडची शासकीय शिष्यवृत्ती सेमिस्टर सुरू होताना हातात मिळत नाही. ती मागाहून येते, बहुतेक वेळा दोन हप्त्यांत, आणि कधीकधी पहिला हप्ता येईपर्यंत दुसरं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. म्हणजे पहिलं सेमिस्टर मुलीनं शिष्यवृत्तीच्या पैशावर काढायचं नसतं. ते काढायचं असतं शिष्यवृत्तीच्या हक्कावर. कॉलेजनं तिच्याकडून जी फी घ्यायची नाही ती घेऊ नये, यासाठी तो हक्क आत्ताच वापरता येतो. पैसा नंतर येतो.

आता 'अप्रूव्ह्ड' कुणी केलं ते बघा. फॉर्म आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या कार्यालयात. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांचे अर्ज इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांकडे, अनुसूचित जातीचे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. खुल्या प्रवर्गाच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचे अर्ज इंजिनिअरिंगला असाल तर तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय कार्यालयाकडे आणि बीए-बीएस्सीला असाल तर उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कोल्हापूर कार्यालयाकडे. प्रत्येक टप्प्यावर 'अप्रूव्ह्ड' उमटतं. म्हणून बहिणीला लॉगिन करून अर्जाचा पूर्ण प्रवास उघडायला सांगा आणि शेवटचा शिक्का कुणाचा आहे ते पाहा. तो कॉलेज पातळीवरचा असेल तर अर्ज अजून जिल्ह्यातच पोचायचा आहे. विभागाचाही झाला असेल, तर पुढे निधी, देयक आणि कोषागार एवढंच उरतं, आणि तिथं तुमच्या हातात फारसं काही नसतं. कॉलेजात चकरा मारून तो टप्पा लवकर सरकत नाही.

अर्ज मागे येणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलांचं वर्ष तिथंच वाया जातं. अर्जात त्रुटी असेल तर तो 'सेंड बॅक' होऊन मुलीच्या लॉगिनला परत येतो. एसएमएस येतोच असं नाही. नंबर बदललेला असतो, नाहीतर नेट कॅफेवाल्यानं स्वतःचा नंबर टाकलेला असतो. मुलीला वाटतं अर्ज पुढं गेला, क्लार्कला वाटतं मुलगी दुरुस्त करेल, आणि मुदत संपते. कारणंही ठरलेली. उत्पन्नाच्या दाखल्यावर चालू आर्थिक वर्ष नाही. जातीच्या दाखल्यावर आडनाव एक, बारावीच्या मार्कलिस्टवर दुसरं. वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचं. रेशन कार्डाचं पहिलं पान आहे, पण मुलीचं नाव असलेलं पान जोडलेलं नाही. कॅपच्या अलॉटमेंट लेटरऐवजी कॉलेजची फी पावती अपलोड झालेली. बारावीनंतर एक वर्ष घरी काढलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते कुणी सांगितलेलंच नसतं. आठवड्यातून एक वार ठरवा आणि त्या दिवशी लॉगिन उघडून बघायला लावा. लॉगिनचा आयडी आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत ठेवू नका, घरच्या वहीत ठेवा.

प्रवेश घेताना जात पडताळणीची नुसती पावती दिली असेल, तर तेही विसरू नका. वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत जमा झालं नाही तर राखीव जागेचा प्रवेश धोक्यात येतो आणि त्याबरोबर शिष्यवृत्तीही. सांगलीच्या समिती कार्यालयात प्रकरण कुठवर आलं आहे, हे वडिलांनी किंवा तुम्ही जाऊन विचारून या.

आता बँक खातं. तुम्ही लिहिलं आहे की फॉर्मात जिल्हा बँकेचं पासबुक जोडलं आहे. पैसे त्याच खात्यात येतील असं गृहीत धरू नका. डीबीटीचा, म्हणजे शासनाकडून थेट खात्यात येणारा, पैसा पासबुकावरच्या नंबरकडे बघत नाही, तो आधार नंबरकडे बघतो. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. मुलीनं सगळ्यात शेवटी ज्या बँकेत डीबीटीसाठी आधार जोडायची संमती दिली, पैसा त्या बँकेत जातो. बारावीनंतर कुठल्या तरी मोबाईल ॲपवर झटपट खातं उघडलं असेल आणि तिथं संमतीच्या चौकोनात टिक केलं असेल, तर जिल्हा बँकेचं पासबुक कोरं राहील आणि रक्कम त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडेल. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी आधार जोडणं वेगळं. शाखेतला माणूस 'आधार लिंक आहे' म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा: एनपीसीआयला सीडिंग, म्हणजे डीबीटीसाठीची ही जोडणी, झालंय का? माय आधारच्या साईटवर मुलीच्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. हे आजच करा. सीडिंग बंद असेल किंवा खातं व्यवहार नसल्यामुळं गोठलं असेल, तर मंजूर झालेली रक्कम परत फिरते आणि ती पुन्हा निघायला किती दिवस लागतील हे कुणीच सांगू शकत नाही.

याच जागेवर आणखी एक. काही वेळा रक्कम तयार झाली की मुलीच्या लॉगिनला व्हाऊचर येतं आणि 'रिडीम' असं बटण दिसतं. ते दाबल्याशिवाय पैसा हलत नाही. 'शासनानंच पाठवले नाहीत' म्हणणाऱ्या कित्येक मुलांचं व्हाऊचर असं पडून असतं. बटण दिसलं की आधी सीडिंग तपासायचं आणि मग रिडीम करायचं.

फीचं काय, ते आता. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा लाभ 50 टक्क्यांवरून 100 टक्के झाला. अट दोन गोष्टींची: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत, आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश यात बसत नाही, आणि अभिमत विद्यापीठं किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही नाहीत. तुमची बहीण यात बसते. पण हा लाभ शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा आहे, कॉलेजच्या एकूण फीचा नाही, आणि भांडण नेमकं इथं होतं. समजा वर्षाची फी 95,000 आहे आणि त्यात शिक्षण शुल्क 82,000, विकास शुल्क 8,000, बाकी ग्रंथालय, जिमखाना, विद्यापीठाची वर्गणी वगैरे 5,000. तर 82,000 आणि परीक्षा शुल्क शासनाच्या खात्यावर, आणि 13,000 तुमच्या. कॉलेज हे 13,000 मागत असेल तर ते भरावे लागतील. ते 82,000 पैकी काही मागत असेल तर थांबा. फीचा तपशील कुठून मिळवायचा? शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला मंजूर केलेली फी कॉलेजच्या सूचना फलकावर किंवा साईटवर लावलेली असते. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाबवार फी लिहिलेली पावती किंवा पत्र मागा.

काही योजनांत फीचा भाग थेट कॉलेजच्या खात्यात जातो, काहींत मुलीच्या खात्यात येतो आणि तो तिनं कॉलेजला भरायचा असतो. हे क्लार्कला नीट विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारात आलेला पैसा घरच्या अडचणीत खर्च होतो. ऊसबिल अडकलेलं असतं, कुणाचं आजारपण निघतं, आणि पुढच्या वर्षी कॉलेज मागची थकबाकी दाखवून अडवतं. ती थकबाकी खरीच असते, मग तिथं आपलं काही चालत नाही. फीचा पैसा आला की त्याच आठवड्यात भरा आणि पावती घ्या.

हॉल तिकिटाबद्दल. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मुलांकडून शासनानं द्यायची ती फी प्रवेशाच्या वेळी घेऊ नये आणि त्यासाठी परीक्षेला अडवू नये, अशा सूचना शासनानं कॉलेजांना अनेकदा दिल्या आहेत. पण खिडकीवरच्या क्लार्कशी वाद घालून काही होत नाही. त्याच्याकडे फक्त थकबाकीची यादी असते. प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा. त्यात मुलीचं नाव, वर्ग, कॅप प्रवेशाचा तपशील, महाडीबीटी अर्जाचा क्रमांक आणि त्याची आजची स्थिती लिहा. शिक्षण शुल्काची रक्कम शासनाकडून येणं बाकी आहे, मुलीच्या खात्यात आली तर ती तत्काळ कॉलेजला भरू, असं हमीपत्र जोडा. विकास शुल्क वगैरे स्वतःची रक्कम एकदम जमत नसेल तर त्याच अर्जात दोन हप्ते मागा आणि तारखा तुम्हीच सुचवा. पोर्टलवरून काढलेली अर्जाची प्रिंट जोडा. दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. माझ्या अनुभवात असा लेखी अर्ज गेला की बहुतेक प्राचार्य मुलीला परीक्षेला बसू देतात. हप्त्याची तारीख पाळणाऱ्या पालकाला पुढच्या वर्षीही अडचण येत नाही. तरीही अडवलं, तर तीच शिक्क्याची प्रत घेऊन सहायक संचालकांच्या सांगली कार्यालयात आणि तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय कार्यालयात तक्रार द्या, आणि महाडीबीटीच्या तक्रार विभागातही नोंदवा. हे सगळं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नको. नोटीस लागली त्या दिवशीच अर्ज लिहायला घ्या.

नापास होण्याची भीती. एखादा विषय राहिला आणि विद्यापीठाच्या नियमात एटीकेटी (राहिलेला विषय सोबत घेऊन पुढं जाण्याची सवलत) घेऊन ती पुढच्या वर्गात गेली, तर त्या एका विषयामुळं शिष्यवृत्ती बंद पडत नाही. बंद पडते ती वर्ष गेल्यावर. त्याच वर्गात परत बसावं लागलं तर त्या वर्षाचा लाभ सहसा मिळत नाही. म्हणून त्या विषयाची तयारी करायला लावा, पण शिष्यवृत्ती जाईल या धास्तीनं तिला पेपरच टाळू देऊ नका. परीक्षेला न बसणं हे नापास होण्यापेक्षा महाग पडतं, कारण सेमिस्टरच्या परीक्षेला बसणं ही योजनेतली अट असते. हजेरीचंही तसंच. हजेरीचा दाखला कॉलेजच भरतं. मागच्या सेमिस्टरला किमान 50 टक्के हजेरी, ही राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतली अट लोकांना माहीत असते. इतर योजनांत आणि विद्यापीठाच्या परीक्षेसाठी ती याहून कडक असते. सुगीला, लग्नकार्याला, द्राक्षाच्या छाटणीला मुलीला पंधरा-पंधरा दिवस गावी बोलावू नका. घरच्यांनी वाचवलेली मजुरी आणि हजेरीमुळं अडकलेला हप्ता यांचा हिशोब कधीच जुळत नाही.

कुणी मध्येच कॉलेज सोडायचा विचार करत असेल तर तारखा बघूनच पाऊल उचला. यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी 15 दिवस किंवा जास्त दिवस राखून प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, 15 दिवसांपेक्षा कमी राहिले असताना 90 टक्के, तारीख उलटल्यावर 15 दिवसांत 80 टक्के, 15 ते 30 दिवसांत 50 टक्के, आणि त्यानंतर काही नाही. कॅपमधल्या इंजिनिअरिंग प्रवेशांना सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) ठरलेल्या तारखा असतात, त्या वेगळ्या. सेमिस्टरच्या मध्यावर सोडलं तर फीही जाते, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडं पहिल्याच वर्षाला प्रवेश घेतला तर शिष्यवृत्तीवर प्रश्नचिन्ह लागतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार मात्र कॉलेजला नाही.

आता रोजचा खर्च, जो मला फीपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. फीसाठी अर्ज करता येतो, मेसवाल्याला अर्ज चालत नाही. मुली जेवणावर पैसे वाचवायला लागतात आणि घरी सांगत नाहीत, हे मी फार पाहिलं आहे. बहिणीला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज लगेच बघा. ही योजना ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी मुलांसाठी आहे, जिल्ह्याला जागा 600 धरल्या आहेत, आणि शहराच्या दर्जाप्रमाणं वर्षाला 38,000 ते 60,000 रुपये मिळतात. कॉलेजच्या शहराची रहिवासी नसावी ही अट आहे. जतची मुलगी सांगलीत शिकते आहे, तेव्हा ती अडचण नाही. हा अर्ज शिष्यवृत्तीच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो, आणि शिष्यवृत्तीचा भरला म्हणून हा आपोआप भरला जात नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. हे पैसेही उशिरा येतात. तोवरची सोय करावीच लागते.

त्या सोयीसाठी कॉलेजात 'कमवा आणि शिका' आहे का ते विचारा. सातारा-सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं ते याच पायावर, की गरिबाच्या पोरानं कष्ट करून आणि मान ताठ ठेवून शिकावं. आजही ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, ऑफिसात तासावर काम देतात. रक्कम मोठी नसते, पण ती त्या त्या महिन्याच्या आसपास हातात पडते, आणि मेसच्या बिलाला तेवढाच आधार होतो. जागा थोड्या असतात, म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या पंधरवड्यात नाव द्यायचं. आता उशीर झाला असेल तर पुढच्या सेमिस्टरसाठी आत्ताच सांगून ठेवा. आणि मिरज, तासगाव किंवा कवठेमहांकाळसारख्या पल्ल्यावर नातेवाईक असतील तर रूमच्या भाड्यापेक्षा एसटीचा विद्यार्थी पास पुष्कळ स्वस्त पडतो.

कर्जाचं विचाराल तर फक्त शिक्षण शुल्क अडलंय म्हणून कर्ज काढू नका, ती रक्कम शासन देणार आहे. विकास शुल्क, लॅपटॉप, राहणं यासाठी तीन-चार वर्षांचा खर्च मोठा दिसत असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेच्या शैक्षणिक कर्जाची मंजुरी घेऊन ठेवा आणि लागेल तेवढंच उचला. साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही. कॉलेजची फी बँक सेमिस्टरनुसार किंवा वर्षानुसार थेट कॉलेजला देते आणि पुढच्या वेळी मागच्या निकालाची प्रत मागते. शिक्षण चालू असताना व्याज चढत असतं, हे घरात सगळ्यांना आधीच सांगा. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्न दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. गावातल्या सावकाराकडून किंवा मोबाईलवरच्या कर्ज ॲपवरून फीसाठी पैसे घेऊ नका. मी एवढं एकच आग्रहानं सांगते.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडक्यात. अनुसूचित जातीच्या मुलांची भारत सरकार शिष्यवृत्ती अडीच लाख उत्पन्नापर्यंत आहे. तिच्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40, आणि केंद्राचा वाटा थेट मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यामुळं वर लिहिलेलं सीडिंगचं सगळं त्यांना दुप्पट लागू. पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाचा भत्ता 13,500 रुपये, घरून येणाऱ्याला 7,000. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू योजनेत शिक्षण शुल्काचे 50 टक्के मिळतात, उत्पन्न मर्यादा 8 लाख, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती तंत्रशिक्षणातल्या मुलींना वर्षाला 50,000 देते. पण तिच्याबरोबर दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणून दोन्हींचा हिशोब मांडून एकच निवडा. तुमच्या बहिणीला शिक्षण शुल्काची माफीच जास्त फायद्याची दिसते.

शेवटचं, पुढच्या वर्षाचं. शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की चार वर्षं चालू राहते, असं नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, नवा निकाल आणि चालू वर्षाचा उत्पन्न दाखला जोडून. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर यांची मुदत 31 मार्चला संपते. नॉन क्रिमीलेअर एक वर्षाचं आहे की तीन वर्षांचं, ते त्यावरच लिहिलेलं असतं, आजच काढून बघा. जूनमध्ये जतच्या सेतू केंद्रात दहावी-बारावीच्या मुलांची रांग लागते. तुम्ही एप्रिलमध्येच तलाठ्याचा अहवाल घेऊन दोन्ही दाखल्यांचे अर्ज टाका आणि दाखले हातात आले की मूळ प्रत घरी ठेवून बहिणीला स्कॅन पाठवा.